टाकीखालचा नारळ

आमच्या घरात लग्नाच्या रीतीभाती माझ्या शब्दावर चालतात. म्हणून माझ्या भाचीला, आकांक्षाला, हळद लागताच मी दम भरला, "आता उंबरठा वलांडायचा न्हाई."

तेवढ्यात तिचा फोन वाजला आणि पोरगी पाटावरून ताडकन उठली. ती बंगळुरात एका अंतराळ दुर्बिणीवर काम करते. फार पूर्वीचा एखादा तारा फुटला की गॅमा किरणांचा लोळ सुटतो. तो त्यांची दुर्बीण टिपते. मग पाळीवरच्या माणसानं माहिती तपासायची आणि जमिनीवरच्या मोठ्या दुर्बिणीला तिकडं वळायला सांगायचं. तसा एक लोळ आत्ताच टिपला होता आणि तिच्या बदली पाळी घेतलेला सोबती राधेश्याम नेमका तापानं फणफणला होता.

"आत्या, मला पाण्याच्या टाकीपाशी जाऊ दे. घरात फोन वाजतो, पण नेटला रेंज न्हाई, काहीच उघडून न्हाई राह्यलं."

"उद्या बघ की."

"उद्यापर्यंत त्या ताऱ्याचा उजेड विझंल गं. पाच वर्षं ह्याचीच वाट बघून राह्यले मी."

तिचे डोळे भरले. पण मांडवातल्या सगळ्या बाया माझ्याकडंच बघत होत्या. मीच रीत मोडली तर उद्या मला कोण विचारणार? मी कमरेवर हात ठेवून दणदणीत खोटं बोलले, "अगं बाई, टाकीखाली नारळ फोडायचा राह्यलाच की! हलगीवाल्यांना बोलवा जल्दी!"

नवरीच्या डोक्यावर शाल धरून, हलगीच्या तालावर आम्ही निघालो. माझा भाऊ काकासाहेब कानाशी पुटपुटला, "ही रीत कधीची गं?"

"आजची. गुमान चाल."

टाकीखाली रेंज आली, पण तिची बोटं हळदीनं तेलकट, फोन दाद देईना. मी नव्याकोऱ्या पदरानं तिची बोटं पुसली. तिनं भराभर तपासलं, निरोप धाडला. मी नारळ फोडला.

दुसऱ्या दिवशी अक्षता पडल्यावर उत्तर आलं. मोठी दुर्बीण वेळेत वळली होती. तो उजेड तेरा अब्ज वर्षांपूर्वी निघालेला, विश्व तान्हं होतं तेव्हाचा. आकांक्षा मुंडावळ्यांसकट माझ्या गळ्यात पडली, तेव्हा कुठं माझा जीव भांड्यात पडला. इतक्या लांबून आलेला पाहुणा माझ्या हट्टापायी दारातून परत गेला असता!

गेल्या महिन्यात शेजारच्या चांगुणाबाईच्या नातीला हळद लागली. म्हातारीनं मलाच झापलं, "गिरिजाबाई, टाकीखालचा नारळ इसरली का?"

खरं सांगायला जीभ रेटेना. नारळ घेतला, नवरीला घेऊन टाकीखाली गेले. फोडण्याआधी वर बघून हळूच म्हणाले, "आणखी कोणी निघालं असंल तर या. आम्ही हितंच हाय."