एकाच भिंतीला नवा रंग

भूकंपानंतर विमा कंपनीने नुकसान तपासायला घाईघाईने माणसं भरली आणि त्यांना शिकवायला एक निवृत्त इंजिनिअर बोलावला. सगळे त्यांना मास्तर म्हणत.

"भिंत खोटं बोलत नाही, घरमालक बोलतो," हा मास्तरांचा पहिला धडा. "जुन्या भेगेत धूळ असते, कोळ्याचं जाळं असतं. नवी भेग आतून स्वच्छ, कडा धारदार. लोक जुनी भेग भूकंपाच्या नावावर खपवतात. डोळ्यांत तेल घालून बघा."

तुकडीतल्या एकीला हे शिकवावं लागलं नाही. आधी ती कापडदुकानात होती. गिऱ्हाइकाच्या चेहऱ्याआधी पिशवीकडे बघायची सवय जडलेली. बाकीचे तिला चौकशीबाई म्हणत.

मास्तर तिला पहिल्याच खऱ्याखुऱ्या घरी घेऊन गेले. भरपाईचा अर्ज घरच्या नवऱ्याने परगावाहून केला होता. दार अर्धवट उघडून त्याची बायको म्हणाली, "फार काही झालेलं नाही हो. ह्यांना उगाच घाबरायची सवय."

भरपाई मागायची आणि वर काही झालं नाही म्हणायचं? पाणी कुठेतरी मुरत होतं.

बाहेरच्या खोलीत केसाएवढ्या चिरा होत्या, बस. मागच्या खोलीचं दार मात्र चौकटीत अडकलं होतं. मास्तरांनी खांदा लावला तेव्हा उघडलं. आत पलंगावर म्हातारे सासरे पडून होते. त्यांच्या उशाकडच्या भिंतीला लागून भलं मोठं कपाट होतं, आणि खोलीभर रंगाचा वास.

"एकाच भिंतीला रंग दिलात?" चौकशीबाईने विचारलं.

"डबा तेवढाच उरला होता."

तिने बोटाच्या पेराने भिंत ठोकली. आवाज पोकळ आला. "कपाट सरकवा."

"बाबांना त्रास होईल."

"कपाट सरकवायचंय, बाबांना नाही."

मास्तरांनी आणि तिने मिळून कपाट ओढलं. नवा रंग कपाटाच्या कडेपाशीच संपला होता. मागे खिडकीपासून जमिनीपर्यंत विटांच्या सांध्यांतून पायऱ्यापायऱ्यांनी भेग उतरली होती. तिने पेन्सिल घातली, ती अर्धी आत गेली. धूळ नाही, जाळं नाही. भेग नवी होती.

तिला काही उमगेना. भरपाई मिळण्याजोगं नुकसान कोण लपवतं? "काय चाललंय तुमचं?" तिचा आवाज चढला.

"तिच्यावर ओरडू नका," पलंगावरून म्हातारा म्हणाला. "दिसत होती तिथे मीच पुट्टी भरायला लावली. भेग दिसली की तुम्ही घराला कुलूप घालणार, मला उचलून तंबूत टाकणार. माझी बायको याच खोलीत गेली. मीही इथूनच जाणार."

सून खाली बघत होती.

चोर पकडल्याचा आनंद चौकशीबाईला झालाच नाही. पलंगाशेजारी, त्याच भिंतीपाशी जमिनीवर एक अंथरूण गुंडाळून ठेवलं होतं. ते बघून तिने विचारलं, "हे कोणाचं?"

"माझं," सून म्हणाली. "रात्री बाबांना पाणी लागतं."

"आजोबा, भिंत कोसळली तर आधी हिच्यावर येईल."

म्हातारा सुनेकडे वळून म्हणाला, "तुला भीती वाटते?"

"धक्का आला की तुमच्या पलंगाची दांडी धरून बसते, बाबा. तुम्ही घोरत असता."

"मग बोललीस का नाहीस, मूर्खे?"

"बोलले असते तर तुम्ही म्हणाला असता, तू जा, मी राहतो."

तेवढ्यात मास्तरांनी भिंतीचा कल बघायला लावलेला ओळंबा गुंडाळून खिशात टाकला. "भिंत आत कलली आहे. खोली आजच सोडा."

दुपारी शेजाऱ्यांना हाताशी घेऊन चौघांनी म्हाताऱ्याला गादीसकट उचलून गाडीत ठेवलं आणि त्याच्या लेकीच्या घरी पोचवलं. वाटभर तो सगळ्यांना शिव्या देत होता. सुनेने चौकशीबाईकडे वळूनही पाहिलं नाही. औषधांची पिशवी मांडीवर घेऊन ती त्याच्या पायांपाशी बसून राहिली.



दुसऱ्या दिवशी पुढच्या घराचं दार उघडलं. भिंती सांगतील तेवढं सांगतील, असं मनाशी म्हणत चौकशीबाईने आधी विचारलं, "घरात कोण कोण असतं? झोपतं कोण कुठे?"