ज्या खेळात आपलं कुणीच नव्हतं

मी एक डीव्हीडी प्लेयर. माझ्या जातीला आता कुणी विचारत नाही. सिनेमा हल्ली हवेतून येतो म्हणे, त्याला तबकडी लागत नाही आणि मीही लागत नाही. तरी आज बोलतोय, कारण कुवेतमधल्या सालमिया भागातलं हे घर लवकरच रिकामं होणार आहे. या खोलीत काय काय झालं ते सांगायला मग कुणी उरणार नाही.

माझी पहिली वर्षं अहमदीत गेली, तेल कंपनीच्या जुन्या कॉलनीत, एका अमेरिकन कुटुंबाकडे. त्यांना बेसबॉलचं वेड होतं. घरात खोकाभर सिनेमे, सगळे त्याच खेळाचे. नोकरी संपली तशी ती माणसं गेली आणि मी जुन्या सामानाच्या शुक्रवार बाजारात येऊन पडलो. तिथून मला हरिश्चंद्र सावंतांनी घेतलं. विकणाऱ्याने तो खोकाही गळ्यात मारला.

हरिश्चंद्र देवरुखकडचे. इथल्या एका सरकारी इस्पितळात एक्स-रे काढायचे. बायको प्रेमा एका शाळेच्या ऑफिसात. मुलगा आलोक तेव्हा कॉलेजसाठी पुण्याला गेला होता, त्यामुळे घर अगदी गप्प झालं होतं.

"एवढं खोकं कशाला आणलंत?" प्रेमाताईंनी विचारलं. "यात एकसुद्धा आपला सिनेमा नाही."

"फुकट मिळालं."

"मग ठेवा कॉटखाली."

तसं ते कॉटखाली गेलं आणि मी टीव्हीखालच्या फळीवर. बरेच महिने मला कुणी हात लावला नाही.

त्या फळीवरूनच मी पहिल्यांदा सर्फराजला पाहिलं. तो खालच्या मजल्यावर राहायचा. मूळचा पाकिस्तानातल्या झेलमजवळच्या गावचा, इथे एसी दुरुस्तीचं काम करायचा. बायको-मुलं गावी. त्याच्या देशाच्या माणसांना कुटुंब आणायचा व्हिसा मिळत नव्हता, म्हणून एका खोलीत चौघांबरोबर दिवस काढत होता. सावंतांच्या घरी क्रिकेट बघायला यायचा. दोघंही क्रिकेटवेडे. आणि दोघांचे देश एकमेकांविरुद्ध खेळत नसतील तोवर सगळं सुरळीत चालायचं.

एकदा ते खेळले. मोठी मॅच होती, भारत जिंकला. हरिश्चंद्रांनी पेढ्याचा बॉक्स सर्फराजपुढे धरला आणि म्हणाले, "खाओ खाओ. हारने की तो तुम लोगों को आदत होगी."

चेष्टाच होती ती. पण वेळ चुकली. सर्फराज उभा राहिला. "आपके घर में बैठा हूँ, हरीशभाई, इसलिए चुप हूँ," एवढंच बोलला आणि चपला घालून निघून गेला.

त्यानंतर दोघांचं बोलणं बंद. लिफ्टमध्ये गाठ पडली तर एक जण छताकडे बघायचा, दुसरा मोबाइलमध्ये. प्रेमाताईंनी दोन-तीनदा सांगून पाहिलं, "अहो, जाऊन बोला ना एकदा." पण हरिश्चंद्रांचं एकच, "मी काय वाईट बोललो?"

मग एका सकाळी प्रेमाताई इमारतीच्या पायऱ्यांवरून घसरल्या. पुढचं सगळं मी त्यांच्याच तोंडून ऐकलं. सर्फराज कामावर निघाला होता. त्याने त्यांना उठवलं, गॅसच्या नळकांड्यांनी भरलेल्या आपल्या व्हॅनमध्ये पुढच्या सीटवर बसवलं आणि इस्पितळात नेलं. एक्स-रेच्या खोलीचं दार उघडलं तेव्हा आत हरिश्चंद्र ड्यूटीवर. समोर व्हीलचेअरमध्ये बायको, आणि तिची पर्स खांद्याला लावून उभा असलेला सर्फराज. मनगट मोडलं होतं. हरिश्चंद्रांनी बायकोचा हात एक्स-रेच्या प्लेटवर नीट ठेवला. मग म्हणाले, "सर्फराजभाई, जुम्मे को चाय पे आना."

तो आला. टीव्हीवर नेमकी कुठल्या तरी जुन्या मॅचची क्षणचित्रं चालली होती. दोघंही जमिनीकडे बघत बसले. प्रेमाताईंनी ते पाहिलं. प्लास्टरचा हात गळ्यात अडकवलेला, दुसऱ्या हाताने त्यांनी कॉटखालचा खोका ओढला, हाताला येईल ती तबकडी काढली आणि माझ्या तोंडात सरकवली.

"हे बघा," त्या म्हणाल्या. "यात तुमच्या दोघांचंही कुणी नाही."

मग हिंदीत सर्फराजलाही सांगितलं. तो पहिल्यांदा हसला.

तिथून आमचे शुक्रवार सुरू झाले. सुरुवातीला दोघांना काही कळायचं नाही. बॅट फेकून का पळतात? चेंडू टप्पाच घेत नाही, हे तर सगळे फुलटॉस. हातमोजा घालून झेल घेणं सर्फराजला फार खटकायचं. "दस्ताना पहन के तो मेरी अम्मी भी पकड़ लेती," तो म्हणायचा. हळूहळू नियम उलगडले. चार चेंडू बाहेर पडले की फलंदाजाला फुकट पहिल्या बेसवर, म्हणजे धावेच्या पहिल्या ठाण्यावर, जाता येतं, हे हरिश्चंद्रांनी शोधून काढलं आणि 'वाइड' म्हणून सर्फराजला समजावलं.

आणि मग वाद सुरू झाले, पण निराळे. कुठला सिनेमा सगळ्यांत चांगला?

हरिश्चंद्रांचा ठरलेला होता. त्यात एक म्हातारा मैदानावर चुन्याच्या रेघा ओढायचं काम करतो. मैदान विकलं जातं, शेवटची मॅचही त्यांची टीम हरते. दुसऱ्या दिवशी म्हातारा येतो आणि पुन्हा रेघा ओढतो, कोरड्या, सरळ, कुणासाठीच नाही. सिनेमा संपतो. "आता यात काय आहे?" प्रेमाताई विचारायच्या. हरिश्चंद्र म्हणायचे, "मला माहीत नाही काय आहे. पण दर वेळी ती शेवटची रेघ पूर्ण होईपर्यंत मला उठवत नाही."

प्रेमाताईंचा वेगळा. एका गावातली बाई टीमचे कपडे धुते. मैदानाच्या मागच्या खोलीत तिचं काम, त्यामुळे मॅच तिला कधीच दिसत नाही. लोकांच्या ओरडण्यावरून तिला कळतं की काय झालं असेल. "हाच एक खरा आहे," त्या म्हणायच्या. "बाकीच्यांत बायका नुसत्या टाळ्या वाजवतात."

सर्फराजचा सिनेमा दोन भावांचा होता. बाप गेल्यावर त्यांच्यात बोलणं उरलेलं नाही. बऱ्याच वर्षांनी ते समोरासमोर येतात, धाकटा चेंडू टाकणारा, थोरला मारणारा. थोरल्याची उमेद संपलेली, धाकटा त्याला सहज बाद करेल. पण धाकटा मुद्दाम चारही चेंडू बाहेर टाकतो आणि भावाला फुकट बेसवर जाऊ देतो. लोक त्याला शिव्या घालतात. मॅच त्यामुळेच जाते. पुढचा चेंडू टाकण्याआधी धाकटा खांद्यावरून वळून बेसवरच्या भावाकडे बघतो.

"वह तो रनर को देखना पड़ता है, खेल का हिस्सा है," हरिश्चंद्र म्हणाले.

"नहीं," सर्फराज म्हणाला. "उसे देखने का बहाना चाहिए था."

त्याच संध्याकाळी हरिश्चंद्रांनी त्या पेढ्यांच्या दिवसाबद्दल त्याची माफी मागितली. सर्फराजने चहाचा कप उचलला आणि म्हणाला, "कौन से पेड़े?"

माणसं एखादा सिनेमा चांगला का म्हणतात, हे मी तेव्हा शिकलो. खेळ कसा दाखवलाय हा मुद्दा शेवटी कधीच नसायचा. स्वतःला बोलता न आलेलं काहीतरी त्यांना त्यात सापडलेलं असायचं. मी तबकडी फिरवायचो, ते आपापलं शोधायचे.

असे शुक्रवार किती गेले ते मी मोजले नाहीत. साथीच्या काळात कर्फ्यू लागला तेव्हा बाहेर जाणं बंद झालं, पण एका जिन्यापुरतं कुणी अडवत नव्हतं. सर्फराज मास्क लावून यायचा आणि दाराजवळच्या खुर्चीवर लांब बसायचा. ती खुर्ची मग त्याचीच झाली. त्याच्या मुलीचं, हिनाचं लग्न तिकडे गावी झालं ते त्याने इथेच फोनवर पाहिलं. प्रेमाताईंनी त्या दिवशी पुरणपोळी केली होती.

मग कायदा आला. साठी उलटलेल्या आणि डिग्री नसलेल्या माणसांचा इकामा, म्हणजे इथला राहण्याचा परवाना, सहज वाढेना. सर्फराजला जावं लागणार हे ठरलं. हरिश्चंद्र त्याला विमानतळावर सोडायला गेले. परत आल्यावर बुटांसकट सोफ्यावर बसले.

"काय म्हणाला?" प्रेमाताईंनी विचारलं.

"काही नाही. मी म्हटलं, झेलमला येतो कधीतरी. तो म्हणाला, हां, आना. दोघांनाही माहीत होतं."

हे कुवेत त्यांना भेटू देत होतं. तिकडे दोघांची घरं विमानाने काही तासांच्या अंतरावर, पण मध्ये जी रेघ आहे ती ओलांडायला ना याला व्हिसा मिळाला असता, ना त्याला.

तरी फोन चालू राहिला. शुक्रवारी दुपारी हरिश्चंद्र मला लावायचे आणि फोन टीव्हीसमोर धरायचे. तिकडून सर्फराज म्हणायचा, "अब वह गिरेगा देखना." चित्र मागे-पुढे व्हायचं, आवाज तुटायचा, पण चालायचं.

मग तो उन्हाळा आला. दोन्ही देशांत पुन्हा गोळ्या, विमानं, भोंगे. टीव्हीवर दिवसभर आरडाओरडा. आणि आलोकचा फोन आला. तो आता पुण्यात एका कंपनीत होता, नौदलासाठी यंत्रं बनवणाऱ्या.

"बाबा, त्या अंकलशी कॉल्स नकोत प्लीज."

"अरे, सर्फराज आहे तो. तुला माहितीये."

"आय नो. पण माझं सिक्युरिटी व्हेरिफिकेशन चालू आहे. घरच्यांचे कॉन्टॅक्ट्स विचारतात. नंबर डिलीट करा. काही महिन्यांचा प्रश्न आहे."

मुलाचं चुकत नव्हतं. घरकर्ज होतं, लहान बाळ होतं. हरिश्चंद्रांनी नंबर काढून टाकला. सर्फराजकडून येणारे फोनही ब्लॉक करून टाकले. त्या शुक्रवारी मला कुणी लावलं नाही. पुढच्याही नाही.

काही महिन्यांचा प्रश्न होता. व्हेरिफिकेशन झालंही. पण मग हरिश्चंद्रांना लाज वाटू लागली. इतक्या दिवसांनी काय तोंडाने फोन करायचा? "पुढच्या जुम्म्याला करतो," असं म्हणत त्यांनी हिवाळा काढला.

एका संध्याकाळी बेल वाजली. दारात अबरार, सर्फराजचा पुतण्या. तो इथेच, बनेद अल-गार भागात, मोबाइलच्या दुकानात कामाला होता.

"अंकल, चाचा नहीं रहे," तो म्हणाला. "दिल का दौरा. कल मिट्टी हो गई."

प्रेमाताई दाराची चौकट धरून उभ्या राहिल्या. हरिश्चंद्रांनी विचारलं, "मेरा कुछ... पूछते थे?"

अबरारने खाली पाहिलं. "पूछते थे, हरीशभाई का फोन क्यूँ नहीं लगता. मैंने कहा, लाइन खराब होगी."

सर्फराजच्या गावच्या इथल्या माणसांनी त्याच्यासाठी दुआ, म्हणजे प्रार्थनेची बैठक, ठेवली होती. हरिश्चंद्र गेले. तिथे काय झालं ते त्यांनी परत येऊन प्रेमाताईंना सांगितलं, म्हणून मला ठाऊक.

सतरंजीवर सगळी अनोळखी माणसं. एका वयस्क माणसाने विचारलं, "आप मरहूम को कैसे जानते थे?"

"पड़ोसी था," हरिश्चंद्र म्हणाले. "हम साथ में पिक्चर देखते थे. बेसबॉल के."

खोलीत थोडी चुळबुळ झाली. सर्फराज आणि बेसबॉल? हरिश्चंद्रांना वाटलं, आपण भलत्या ठिकाणी भलतंच बोललो. ते उठायला लागले. तेवढ्यात अबरारने त्यांचा हात धरला.

"तो आप वह हरीश हैं," तो वयस्क माणूस म्हणाला. "मैं छुट्टी पे गाँव गया था. शाम को चबूतरे पर सर्फराज बच्चों को कहानियाँ सुनाता था. हम समझे, खुद बनाता है. बोलता था, आज कौन सी सुनोगे? मेरी वाली, हरीश वाली, या भाभी वाली?"

हरिश्चंद्र म्हणाले, "इधर घर में भी हम यही बोलते थे." त्या माणसाने त्यांच्यापुढे चहा ठेवला.

घरी येऊन हे सगळं सांगून झाल्यावर ते म्हणाले, "प्रेमा, तो तिकडे माझं नाव घेत होता, आणि मी इकडे त्याचा नंबर पुसून बसलो होतो."

मला वाटलं त्या समजूत घालतील. प्रेमाताई म्हणाल्या, "माझ्या फोनमध्ये नंबर होता. मी पुसला नव्हता. मीही लावला नाही."

बाहेर अंधार पडला. दिवा लावायलाही कुणी उठलं नाही.

आता हरिश्चंद्रांची नोकरी संपली. देवरुखला नेण्याचं सामान कार्टनमध्ये भरून झालंय, त्यात मी नाही. माझं भिंग धुरकट झालंय. परवा त्यांनी एक तबकडी लावून पाहिली, पण मला ती वाचता आली नाही. त्यांनी ती बाहेर काढली, शर्टाने पुसली आणि तशीच हातात धरून बसले. रागावले नाहीत. इमारतीचा रखवालदार मला न्यायला येणार आहे, मोडीत घालेल बहुतेक. मला त्याचं काही वाटत नाही.

एवढंच मागणं आहे. तुमच्या शेजारी बसून कुणी सिनेमा बघत असेल, तर संपल्यावर लगेच उठू नका. त्याला विचारा, तुला काय आवडलं आणि का. उत्तर लांबलं तरी ऐकून घ्या. आणि कुणाला फोन करायचा राहिला असेल, तर तो पुढच्या शुक्रवारवर ढकलू नका.

लिफ्टचं दार वाजलं. तो आलाय वाटतं. बरं, येतो मी.