शक्य तितक्या खिडक्या

"थंडीत पोरांनी उघड्यावर बसून डबे खायचे, ही शाळा आहे का छावणी?" वकीलबाई म्हणाल्या, आणि आजूबाजूच्या वीस-पंचवीस माना हलल्या.

शाळेच्या मैदानात पालकांची सभा चालली होती. दोन-दोन हात अंतर सोडून खुर्च्या मांडल्या होत्या, प्रत्येकाच्या तोंडावर मास्क होता. सभा मैदानात का, तर साथीच्या दिवसांत पन्नास मोठ्या माणसांनी बंद जागेत बसणं धोक्याचं. आणि सभेपुढचा विषय काय, तर मुलांचे डबे मैदानातून उचलून पुन्हा जेवणघरात न्यावेत का. यातली गंमत कुणाला दिसत नव्हती. मिस्त्रीला दिसत होती, आणि त्याच्या तळपायाची आग मस्तकात जात होती.

मिस्त्री शाळेचा दुरुस्तीवाला. नळ, बिजागऱ्या, बाक, दिवे, जे मोडेल ते त्याचं. बावीस वर्षांत त्याला इथं कुणी नावाने हाक मारली नव्हती आणि सभेत तर कुणी काहीच विचारलं नव्हतं. खुर्च्या त्याने मांडल्या, त्याच उचलायच्या म्हणून तो मागे भिंतीशी उभा होता. शेजारी त्याची सून उभी होती. सासूच्या जागी तिला शाळेने घेतलं होतं. डब्यांच्या वेळी मुलांवर लक्ष ठेवायचं, धाकट्यांची झाकणं उघडून द्यायची, सांडलेलं पुसायचं. सभेआधी तिने मिस्त्रीला डबा आणून दिला होता. त्यातला चमचा अजून त्याच्या खिशात होता, दांड्याचं टोक पिळवटलेला. बायको होती तेव्हा त्याने एकदा विचारलं होतं, "चमच्याशी कुस्ती खेळलीस का?" "झाकण घट्ट होतं," म्हणाली होती ती.

"माझ्या मुलीच्या डब्यात परवा पान पडलं," एक बाप उठून म्हणाला.

"कसलं पान?"

"झाडाचं."

झाडाचं नाही तर काय पुस्तकाचं पडणार, असं मिस्त्रीच्या जिभेवर आलं होतं. त्याने ते गिळलं.

मधल्या रांगेतली एक नर्स उभी राहिली. ड्यूटीवरून तशीच आली असावी, डोळे सुजलेले होते. "मुलं दिवसभरात मास्क एकदाच काढतात, जेवताना. तेवढा अर्धा तास त्यांना मोकळ्या हवेत राहू द्या. स्वेटर घाला, टोपी घाला. थंडीने सर्दी होईल, ती बरी होते."

"तुम्ही रोज तेच बघता, म्हणून तुम्हाला जास्त भीती वाटते," दातांचे डॉक्टर समजुतीने म्हणाले. त्यांचा धाकटा दुसरीत होता.

"हो," नर्स म्हणाली. "बघते म्हणूनच वाटते." आणि ती खाली बसली.

मग मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, उभ्या राहिल्या. दोन्ही बाजू राखायची त्यांना जुनी सवय. "आपण असा ठराव करू. डबे जेवणघरात, पण सर्व खिडक्या उघड्या ठेवून. म्हणजे हवाही खेळेल आणि वाराही लागणार नाही." सगळ्यांचं समाधान झालं. हात वर होऊ लागले.

"बाई, त्या खिडक्या उघडत नाहीत."

माना मागे वळल्या. बोललो आपणच, हे मिस्त्रीला त्या माना बघून कळलं.

"बाबा," सून हळूच म्हणाली, "राहू द्या. नोकरी आहे."

"उघडत नाहीत म्हणजे?" वकीलबाईंनी विचारलं.

"स्क्रू मारलेत. तीन इंची, चौकटीतून आरपार. वरून रंग. सहाच्या सहा. तीन वर्षांपूर्वी एक पोरगा खिडकीतून बाहेर उतरला, तेव्हा तुमच्याच समितीनं सांगितलं होतं. मीच मारलेत."

मोठ्या बाईंचा चेहरा मास्कमध्ये होता, पण कान लाल झाले. त्या हुकुमावर सही त्यांचीच होती. "मिस्त्री, ते आपण नंतर बघू."

"नंतर कधी? सोमवारपासून दीडशे पोरं आत मास्क काढणार."

"मग ठरावात 'शक्य तितक्या खिडक्या' असं घाला," दातांचे डॉक्टर म्हणाले. "शब्दात कशाला अडकायचं?"

दोन-चार जण हसले. आता मात्र मिस्त्रीचा तोल गेला. तो भिंत सोडून पुढे आला.

"माझी बायको त्या खोलीत नऊ वर्षं उभी होती. तुमच्या पोरांच्या डब्यांची झाकणं उघडायची, तोंडाशी तोंड नेऊन. साथ आली तेव्हा मला म्हणायची, अहो, एक खिडकी तरी उघडा, जीव कोंडतो. मी म्हटलं, वरून हुकूम नाही. ती गेली. ती गेल्यावर आठ दिवसांत डबे मैदानात आले. का आले, ते इथं एकानं तरी बोलून दाखवलं का? ती गेली म्हणून आले. आता तिच्या जागी माझी सून आहे. डब्यात पान पडतं म्हणून तिला आत कोंडताय तुम्ही."

मग मागून कुणीतरी म्हणालं, "झालं ते वाईटच झालं. पण मुद्द्याला धरून बोलू या."

नर्सचा आणि आणखी सहा जणांचा हात विरोधात होता. बाकी सगळे बाजूने. ठराव 'शक्य तितक्या'सह मंजूर झाला. लोक उठले, आणि मोकळ्या हवेत बरं वाटतं असं एकमेकांना सांगत फाटकाकडे गेले.

मिस्त्रीने खुर्च्या उचलल्या नाहीत. हत्यारांची पिशवी घेतली आणि तो थेट जेवणघरात गेला. शिडी लावली, पहिल्या खिडकीचा रंग खरवडला आणि पेचकस लावून सगळा राग मनगटात आणला. स्वतःच्या हातचं काम होतं, पक्कं. एकेक स्क्रू किंचाळत बाहेर आला.

तिसरी खिडकी उघडेपर्यंत मोठ्या बाई दारात आल्या. "मिस्त्री, परवानगी कुणाची घेतलीत?"

"ठरावाची. शक्य तितक्या, असं लिहिलंय ना, बाई? मला सहाही शक्य आहेत."

त्या दारातूनच मागे वळल्या आणि निघून गेल्या.

चौथी खिडकी बेसिनच्या वर होती. बायको तिथंच उभी असायची. मिस्त्रीने शिडी सरकवली, पण चढायची गरज पडली नाही. खालच्या स्क्रूभोवतीचा रंग आधीच खरवडलेला होता. स्क्रूची खाच झिजून वेडीवाकडी झाली होती. कुणीतरी कसल्यातरी पातळ पत्र्याने तो फिरवायचा प्रयत्न केला होता, एकदा नाही, पुष्कळदा. स्क्रू केसभरही हलला नव्हता.

त्याने खिशातला चमचा काढला. पिळवटलेलं टोक खाचेत धरलं. नेमकं बसलं.

त्याच्या घरात पेचकस अकरा होते. सगळे या पिशवीत, रात्री दाराशी ठेवलेल्या. तिने एकही मागितला नव्हता. मागून मिळणार नाही, हे तिला ठाऊक होतं.

मिस्त्री बेसिनला धरून उभा राहिला. सून आत आली. तिने चमचा पाहिला, स्क्रू पाहिला आणि तोंडावर हात ठेवला.

"बाबा, बसा जरा. बाकीच्या उद्या करा."

"पेचकस दे तो. मोठा," मिस्त्री म्हणाला. "अजून तीन राहिल्यात."