तीन सेकंदांत मामा

क्रेस्टेनमामाला निवडणूक नको होती, बस हवी होती. बोदिलमामी शहरातल्या वृद्धाश्रमात असते. तिला आता वार कळत नाही, वर्ष कळत नाही, पण संध्याकाळी मामा आला की कळतं. मामाची नजर अधू, त्यामुळे गाडी चालवायला बंदी. डेअरीतून सुटला की तो पाचची बस पकडतो आणि आठच्या बसने परत येतो. या दोन्ही बस नव्या वर्षापासून बंद करायचा ठराव नगरपालिकेत आला होता. ठराव मांडणारा प्रेबेन आमच्याच गल्लीतला, मामाचा बालमित्र. म्हणून मामा त्याच्याविरुद्ध उभा राहिला.

रस्त्यातल्या खांबांवर टांगायचं पोस्टर मी करायचं ठरलं. मी पोस्टरचा दोन दिवसांचा कोर्स केला होता, म्हणजे घराण्यातला सर्वात शिकलेला मीच.

मामाने मजकूर लिहून आणला. चौऱ्याण्णव शब्द. मी त्याला शांतपणे समजावलं की गाडीतून जाणाऱ्या माणसाकडे तीन सेकंद असतात. मग आम्ही कापायला बसलो. मामीचं नाव त्याने स्वतःच आधी खोडलं. तिला खांबावर टांगायचं नाही म्हणाला. मग वेळापत्रक गेलं, प्रवाशांचा आकडा गेला, ‘कृपया’ गेलं. शेवटी ‘बस’ एवढाच शब्द उरला. तोही मी काढला, कारण फोटोत बस दिसतच होती.

फोटो मी गेल्या हिवाळ्यात मागच्या सीटवरून काढलेला. मामा गाढ झोपलाय, टोपी एका डोळ्यावर, तोंड इतकं उघडं की दाढा मोजाव्यात. दमलेला माणूस, रोजची बस, सगळं आलं त्यात. बाकीचे उमेदवार टाय लावून हसत असणार, त्यांच्यात हा उठून दिसेल. कोर्समध्ये सांगितलं होतं, चेहरा मोठा हवा. मी तो मोठा केला. बस तेवढी चौकटीबाहेर गेली.

पोस्टर लावायला कायद्याने ठरलेल्या शनिवारी, दुपारी बाराच्या ठोक्याला, सगळे पक्ष शिड्या घेऊन धावले. आम्ही चाळीस खांब मिळवले. चाळीस मामा घोरत टांगले गेले.

आता आमच्या बेटावर एक रीत आहे. कुणाला तीस, पन्नास, साठ अशी वर्षं पूर्ण झाली की मित्र त्याचा सर्वात वाईट फोटो मोठा करून रस्त्याकडेला लावतात. ही रीत मला माहीत होती. मी स्वतः तिघांचे लावलेत. पुढच्या शनिवारी मामा साठ वर्षांचा होणार, हेही माहीत होतं. पण दोन्ही गोष्टी एकत्र धराव्यात असं कोर्समध्ये कुणी सांगितलं नव्हतं.

आठवडाभर गाड्या हॉर्न वाजवत गेल्या. मामा खुशीत हात हलवायचा. “बघ, लोकांना बस हवीय,” म्हणायचा.

शनिवारी सकाळी सहाला आमच्या खिडकीखाली साठेक माणसं वाढदिवसाचं गाणं गात होती. हातात झेंडे, खसखशीचे पाव, कडू दारूच्या छोट्या बाटल्या. सर्वात पुढे प्रेबेन आणि त्याची बायको रिग्मोर. प्रेबेनने माझी पाठ थोपटली. त्याच्या साठीला कुणी इतका घाणेरडा फोटो शोधला नव्हता, हे त्याला जरा लागलेलं दिसलं.

मामाने सांगितलं की आपण निवडणुकीला उभे आहोत. लोक बराच वेळ हसले. मग रिग्मोरने भेटवस्तूंची यादी मागितली. यादीशिवाय आमच्याकडे मोजेसुद्धा कुणी घेत नाही.

मामाने खिशातून तो चौऱ्याण्णव शब्दांचा कागद काढला आणि चष्मा लावून पहिल्यापासून वाचला. खोडलेलंही वाचलं. मामीच्या नावापाशी थांबला, मग पुढे गेला. कुणी हसलं नाही.

“एवढीच यादी?” रिग्मोरने विचारलं.

“एवढीच.”

तेव्हा कुणीतरी म्हणालं, मग सगळे मिळून हेच देऊ, प्रत्येकाचं एक मत. एकदा वर्गणीची भेट ठरली की आमच्याकडे अंग काढून घेता येत नाही. त्यापेक्षा गाव सोडणं सोपं. प्रेबेनने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. “आम्हा दोघांचंही धरा,” तो म्हणाला.

नोव्हेंबरमध्ये, मतदानाच्या मंगळवारी, मामा निवडून आला. प्रेबेनची खुर्ची गेली, एका मताने.

बुधवारी संध्याकाळी मामा वृद्धाश्रमातून परतला तर प्रेबेन आमच्या दारात उभा. आमच्याकडे भेटीवर दुकानदाराची बदलून घ्यायची चिठ्ठी असतेच, त्यामुळे त्याचं विचारणं अगदी रीतसर होतं.

“क्रेस्टेन, मी आणि रिग्मोरने एकच वस्तू दिली रे. दोन-दोन झाल्या तुला. त्यातली एक बदलून मिळेल का?”

मामाने खरंच विचार केला.

“नाही रे,” तो म्हणाला. “एक जायला लागते, एक यायला.”