मांडव जरा पुढं

नळदुर्ग भागात मांडवाचा धंदा लग्नसराईवर चालतो असं ज्याला वाटतं, त्यानं एकदा माझ्याशी बोलावं. मी रामहरी, मंडपवाला. माझी चूल पेटते ती भूमिपूजनांवर.

बानूआक्का आमच्या गावच्या सरपंच. त्यांची वस्ती डांबरी सडकेपासून लांब, मधे नुसती काळी माती. पावसाळ्यात तिथं बैलसुद्धा पाय टाकायला नाखूश. सून वर्षाराणी पोटुशी होती. मागच्या वर्षी त्याच वस्तीवरच्या जगदेवीला बाजेवर घालून सडकेपर्यंत न्यावं लागलं आणि बाळ वाटेतच गेलं. तेव्हापासून आक्कांच्या जिवाला घोर लागला होता.

रस्त्यासाठी त्यांनी चपला झिजवल्या. खासदार म्हणाले, हा विषय राज्याचा. आमदार म्हणाले, जिल्हा परिषदेचा. जिल्हा परिषदेत सांगितलं, मुंबईहून निधी नाही; आणि मुंबईवाले म्हणे दिल्लीकडं डोळे लावून बसलेत. घटनेनं कामं वाटून दिलीत असं शाळेत शिकलो होतो. ती एकमेकांच्या अंगावर ढकलायला वाटलीत, हे आक्कांसोबत फिरून कळलं. पण भूमिपूजनाला या म्हटलं की सगळे एका पायावर तयार! नारळाला निधी लागत नाही.

पहिला मान खासदारांचा. आक्का मला म्हणाल्या, "मांडव सडकेला न्हाय, आत लिंबापाशी घाल."

"अवो आक्का, सायबाची गाडी तिथवर जायची न्हाय."

"म्हनून तर तिथं घाल."

अर्थ कळला तो कार्यकर्त्यांची पळापळ बघून. साहेबांची पांढरी गाडी चिखलात रुतली तर पक्षाची अब्रू जाणार! लगोलग जेसीबी आला, मुरूम पडला, रोलर फिरला. साहेब आले, नारळ फोडून, फोटो काढून गेले. मुरूम राहिला.

मग आमदार. त्यांचा पक्ष खासदारांच्या पक्षाबरोबर दिल्लीत, विरोधात मुंबईत, आणि तालुक्यात सकाळी एक तर संध्याकाळी दुसरं. आक्का साळसूद चेहऱ्यानं त्यांना म्हणाल्या, "खासदारसायबांच्या मागं तुमचा नारळ बरा दिसतो व्हय? तुमी फुडं फोडा."

मांडव ओढ्यापाशी गेला. ओढ्यात सिमेंटच्या नळ्याही पडल्या. तिसरे आले जिल्हा परिषदेचे उमेदवार. त्यांना आमदारांच्या पुढं जायची घाई होतीच, आक्कांना बोलायचीही गरज पडली नाही.

उरला आक्कांच्या दारापर्यंतचा शेवटचा तुकडा. तोच सगळ्यात चिखलाचा, आणि पक्ष मात्र संपलेले. वर्षाराणीचे दिवस भरत आले. आक्कांनी पुन्हा खासदारांकडं फोन लावला तर उत्तर आलं, "झालंय की भूमिपूजन!" फोन ठेवून ही खमकी बाई ओट्यावर बसून रडली. मला बघवेना.

त्याच आठवड्यात टीव्हीवर बातमी आली, आमदारांचा पक्ष फुटला. सगळीकडं लोक शिव्या घालत होते, आक्का साखर वाटत होत्या.

"आक्का, तुमी कंच्या गटाच्या?" मी विचारलं.

"मला गटाचं काय करायचंय? एकाचे दोन झाले न्हवं! लाव फोन त्या नव्या अध्यक्षाला."

फुटलेल्या गटाचा नवा जिल्हाध्यक्ष ताकद दाखवायला जागाच हुडकत होता. त्याच्या पाहुण्यांच्या गाड्या अंगणात लागाव्यात म्हणून मुरूम थेट उंबऱ्यापर्यंत पडला. अंगण गाड्यांना सोडल्यावर दारापुढं दुसरी जागा नसल्यामुळं मी मांडव रस्त्यावरच घातला. तेवढी माझी चूक.

कार्यक्रमाच्या सकाळीच वर्षाराणीच्या पोटात कळा सुरू झाल्या. आक्कांनी अँब्युलन्सला फोन केला आणि पाहुण्यांच्या गळ्यात हार घालायला लागल्या.

अध्यक्ष माईकवर गरजले, "बानूआक्का, दोन वर्षांत हा रस्ता पूर्ण करून दाखवतो! तुमच्या दारात गाडी येईल, हा माझा शब्द आहे!"

टाळ्या पडल्या. त्या थांबायच्या आत मागून भोंगा ऐकू आला. तिघांच्या मुरमावरून आणि ओढ्यातल्या नळ्यांवरून अँब्युलन्स येत होती. ती स्टेजला येऊन अडली.

आक्कांनी अध्यक्षांना हात जोडले. "सायेब, रस्ता मागनं करा. आदी रस्त्यातनं उठा."

मी तोवर मांडवाचे खांब उपटायला लागलो होतो.