मांडीवरचं हेल्मेट

"गुंडा, किती वेळ? नातेवाईक ताटकळलेत," डॉक्टरीणबाई दारातून म्हणाल्या.

"झालंच, मॅडम. अंबाडा घालतो तेवढा."

शवविच्छेदनाच्या खोलीत अंबाडा घालायला सरकार काही सांगत नाही. पण गुंडा अठ्ठावीस वर्षं ते करत आला होता. कवटी उघडायची म्हणजे या कानापासून त्या कानापर्यंत चीर द्यावी लागते. डॉक्टरांचं काम आटोपलं की तो ती बारीक टाक्यांनी शिवायचा आणि बाईमाणूस असेल तर केस विंचरून अंबाडा घालायचा. बाईला घरी नीटनेटकं धाडावं, एवढंच त्याचं म्हणणं.

आजची विजयमाला, तासगावकडची, चाळिशीतली. कागद वाचायच्या आधीच गुंडाने ओळखलं होतं, मोटारसायकलवर मागे बसलेली. गाडी चालवणाऱ्याचं बहुतेक कपाळ फुटतं. मागे एका अंगाला बसलेली बाई पाठीवर आपटते आणि डोक्याची मागची बाजू जाते. बाकी अंगावर ओरखडाही नसतो. नेमकं तसंच निघालं.

बाहेर बाकड्यावर तिचा नवरा सयाजी बसला होता. मांडीवर हेल्मेट, नवं कोरं.

"उकडत हुतं म्हणून काढलं," तो न विचारताच म्हणाला. "तिला म्हटलं, धर जरा. तिनं दोनी हातांनी धरलं. गतिरोधकावर गाडी उडाली. मला काय बी झालं न्हाई." मग त्याने विचारलं, "आवं, तिचं हात मोकळं असतं तर वाचली असती का?"

गुंडाला उत्तर ठाऊक होतं.

"न्हाई," तो म्हणाला. "एवढ्या दणक्यात धरलेला हात बी सुटतू. तुमचा दोष न्हाई."

मेलेल्या माणसाबद्दल तो पहिल्यांदाच खोटं बोलला. सयाजीने आत जाऊन बायकोच्या अंबाड्याला हात लावला. "असाच घालायची," म्हणाला आणि तिथेच खाली बसला.

संध्याकाळी रंगूबाई, गुंडाची बायको, माहेराहून आली. एसटी स्टँडवर गुंडाने मोटारसायकल थांबवून हेल्मेट काढलं. ती मागे एका अंगाला बसली आणि सवयीने दोन्ही हात पुढे केले. हमरस्ता आणि पोलीस मागे पडले की गुंडाचं हेल्मेट तिच्या मांडीवर जायचं, कैक वर्षांची रीत. असली डोकी शिवण्यात ज्याचा जन्म गेला त्याच्याच गाडीवर हे! दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. गुंडाला स्वतःची लाज वाटली.

त्याने हेल्मेट तिच्या डोक्यावर ठेवलं. ते अंबाड्यावर अडलं.

"आवं, ह्ये काय? लोक बगत्यात."

"बगू दे."

त्याने एकेक आकडा काढला, अंबाडा सोडला. केस ऊनऊन लागले. एवढ्या वर्षांत त्या बोटांनी अंबाडे फक्त घातले होते.

"आवं, क्येस कशाला सोडताय?"

"गप बस जरा." हेल्मेट नीट बसलं. त्याने तिच्या हनुवटीखाली पट्टा अडकवला.

"आन तुमच्या डोक्याला?"

"उद्या दुसरं आणतो. आज हळू जाऊ."

रंगूबाईने मोकळ्या हातांकडे पाहिलं. "मग मी आता काय धरू?"

"मला धर," गुंडा म्हणाला.