सोंड्याची कम्प्लेंट

गोजर सरांनी फळ्यावर ‘कम्प्लेंट’ लिहिलं आणि खाली तिची भावंडं: कम्प्लेन, कम्प्लेनिंग, कम्प्लेनंट. “हे चारही वापरून एक खरंखुरं पत्र कोण लिहील?”

सगळे एकमेकांच्या पाठीमागे लपले. मी उठले! सातवीपर्यंत इंग्रजीच्या तासाला तोंड न उघडणारी मी!

खरं काय लिहायचं? आदल्या दिवशी शाळेच्या खिचडीत सोंडा, तांदळातला काळा किडा, निघाला होता, तोच लिहिला. चारही शब्द आपापल्या जागी चपखल. खाली ऐटीत ‘द कम्प्लेनंट, संघरत्ना’. सरांनी वर्गाला टाळ्या वाजवायला लावल्या आणि पत्राचा फोटो शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. किन्हवलीभर फिरून तो शहापूरच्या शिक्षण ऑफिसात पोचला.

सोमवारी निरोप आला. बुधवारी साहेब चौकशीला येणार, तोवर चंद्रामावशींनी चुलीला हात लावायचा नाही. बहुतेक काढूनच टाकतील, असं सगळे म्हणत होते.

चंद्रामावशी आमच्याच आळीतल्या. सात वर्षं शाळेची खिचडी त्याच शिजवतात. संध्याकाळी गेले तर ओट्यावर बसलेल्या.

“ये गो इंग्रजीवाली.”

“मावशी, मी नुसती वाक्यं करत होते...”

“सोंडे किती होते?”

“एक.”

“आन तांदळाच्या गोणीत किती होते? ती तशीच येते गो. सकाळी सातपासून सुपात निवडीत बसते मी. एक ऱ्हायला.”

“मग तुमी कोनाला सांगितलं नाय?”

“तीनदा सांगितलं सरांना. माझ्या सांगण्याला कोन आलं? तुझ्या कागदाला आठ दिसांत साहेब येतो!”

मी धावतच गोजर सरांच्या खोलीवर. “सर, दुसरं पत्र लिहू? गोणीच खराब...”

“गप बस,” सर म्हणाले. मग हळू आवाजात, “गोण्या मी सही करून घेतो, संघरत्ना.”

रात्री इंग्रजीची वही उघडली, मिटली. मला इंग्रजीत बोलतं कुणी केलं? सरांनीच ना!

बुधवारी साहेबांनी पत्र हातात धरलं. “तूच लिहिलंस? छान इंग्रजी आहे. अजून काही सांगायचंय?”

दारात मावशी, पदराचं टोक मुठीत. खुर्चीमागे सर, नजर माझ्यावर.

“सोंडे गोणीतूनच येतात साहेब. मावशी रोज निवडतात.”

“हे इंग्रजीत लिहून देशील?”

“नाय. तुमी आधी कोठीत चला.”

सरांना जुडग्यातली किल्ली सापडेना. शेवटी शिपायाने कुलूप उघडलं. गोणीचं तोंड सोडलं, तर तांदूळ चालताना दिसला.

गुरुवारी मावशींची चूल पेटली. शनिवारी सरांना नोटीस आली.

आता इंग्रजीच्या तासाला मी हात वर करते आणि सर रितेशला उठवतात. रितेशला येत नाही. तो उभा राहतो, कान खाजवतो. सर थांबतात. माझा हात दुखायला लागतो, पण मी तो खाली घेत नाही.